दुसरी सुई

सौदा करताना समोरचा माणूस लवकर कबूल झाला की मला भीती वाटते. मालात काहीतरी खोट आहे, नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं आहे, एवढं मी धंद्यात शिकले. माझं अकोटला बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गालिचे, स्वयंपाकाचे मोठे गंज, सगळं लग्नकार्यासाठी भाड्यानं देते. सुरुवात केली तेव्हा घरातल्याच कढया होत्या आणि मागून आणलेली हातगाडी. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, तेव्हा नवऱ्याला विचारलं होतं, "आता आपल्या घरची बाई लोकायची खरकटी भांडी मोजन काय?" मी तिथंच बसले होते. पण आमच्या घरात भासरा भावजयीशी थेट बोलत नाही. मी डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांनी भिंतीकडे पाहायचं, आणि मध्ये नवऱ्यानं निरोप्या व्हायचं. ते प्राध्यापक होते, आता निवृत्त होऊन अमरावतीला राहतात. मी त्यांना तो प्रश्न माफ केलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

गाठ पहिल्यांदा मला दिसली नाही. एका नवरीच्या आईला दिसली. गालिच्यांच्या भावावरून आमची जुंपली होती, मी आवाज चढवला होता, आणि मध्येच घोटभर पाणी प्यायले. ती बाई बोलायची थांबली आणि माझ्या गळ्याकडे पाहत राहिली.

"बाई, पानी पेता तं तुमच्या गळ्यात काहीतरी वरखाली होते."

मला वाटलं, भाव पाडायची ही नवीन तऱ्हा. भाव मी सोडला नाही, पण घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून पाणी प्यायले. गळ्याच्या उजव्या बाजूला बोरापेक्षा मोठं काहीतरी घोटाबरोबर वर सरकत होतं आणि परत खाली येत होतं. हात लावला तर दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

गावातल्या डॉक्टरनी थायरॉईडची रक्ततपासणी केली. ती अगदी ठीक आली. नवरा फोनवर सगळ्यांना सांगत सुटला, "थायरॉईड नाई म्हने, नॉर्मल आहे." डॉक्टरनी त्याला थांबवलं. म्हणाले, "रक्तावरून एवढंच कळतं की ग्रंथी आपलं काम नीट करते आहे. तिच्यात आलेली गाठ कसली आहे, ते रक्त सांगत नाही. सोनोग्राफी करा, आणि त्यांनी सांगितलं तर सुईची तपासणी." मला हे पटलं. दुकान नीट चालतं म्हणून गोदामात उंदीर नसतील असं थोडंच आहे.

अमरावतीला भासऱ्यांच्या ओळखीचे डॉक्टर होते, म्हणून तिकडे गेलो. सोनोग्राफीत गाठीच्या कडा सरळ दिसत नव्हत्या, म्हणून सुई घालायचं ठरलं. सुई बारीक होती. मान मागे टाकून झोपवलं, डॉक्टर म्हणाले, "आता गिळायचं नाही, बोलायचं नाही." ते सुई आत हलवत होते आणि जे थेंबभर आलं ते काचेच्या पट्ट्यांवर पसरत होते. त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि पेशी कशा आहेत ते ठरवतात.

रिपोर्टच्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. आतून बोलावणं आलं ते भासऱ्यांना आणि नवऱ्याला. गाठ माझी, गळा माझा, आणि मला नर्स म्हणाली, "तुम्ही बसा मावशी, माणसं गेलीत आत." माझा धंदा तिला माहीत असता तर तिनं असं म्हटलं नसतं.

दोघं बाहेर आले. भासऱ्यांनी माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले, "सांग तिले, घाबरन्यासारखं काही नाई."

नवरा म्हणाला, "काही नाई. नॉर्मल आहे."

परत येताना दर्यापूर मागं पडलं तरी तो एक शब्द बोलला नव्हता. एरवी हा माणूस गाडी चालवताना समोरच्या प्रत्येक ट्रॅक्टरशी भांडतो. मला संशय आला आणि मी त्याची परीक्षा घेतली. मोठा जनरेटर घ्यायचा की नाही यावर आमची वर्षभर भांडणं चालू होती. त्याचा ठाम विरोध होता. मी सहज म्हटलं, "अवो, मी तो जनरेटर घेऊन टाकतो म्हनतो."

"घे ना," तो म्हणाला. "तुले पायजे तं घे."

तेव्हा मला कळलं की मला कॅन्सर आहे.

निदान मला तसंच वाटलं. पुढचे काही दिवस सगळ्यांचं वागणं गोड झालं. जावेचा, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोचा, रोज फोन येऊ लागला. वर्षातून दोनदा बोलणारी बाई विचारू लागली की आज काय जेवलीस. नवरा माझ्या आधी उठून चहा ठेवायचा. मी रागानं आतून उकळत होते. विचारलं असतं तर तो पुन्हा "नॉर्मल" म्हणाला असता, आणि मग मी काय केलं असतं ते मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही. मी ठरवलं, यांनी मला अंधारात ठेवलं ना, मीही ठेवते. अकोल्याला खुर्च्या पाहायला जाते म्हणून निघाले आणि एकटीच दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले.

तिथली तपासणारी डॉक्टर बाईच होती, माझ्याच वयाची. पुन्हा सोनोग्राफी झाली. मग तिनं विचारलं, "याआधी कुठं सुई टोचून घेतली होती?"

"नाई."

"नक्की?"

"नक्की."

माझा हिशोब साधा होता. दुसऱ्या दुकानात गेल्यावर पहिल्या दुकानानं सांगितलेला भाव सांगायचा नसतो. सांगितला की समोरचा स्वतःचं डोकं लावत नाही, त्याच आकड्याच्या आसपास घुटमळतो. अमरावतीनं काहीतरी पाहिलं आहे असं कळलं तर ही पण तेच पाहील. मला कोरा भाव हवा होता. गळ्यावर सुईच्या जागी पिवळट हिरवा डाग अजून राहिला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"पोत घासते तिथं. उन्हाळ्यात चिघळते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. गिऱ्हाईकासमोर नजर हलली की गेला सौदा. मग तिनं सुई घातली.

हा रिपोर्ट मात्र माझ्याच हातात मिळाला. पेशी संशयास्पद, कॅन्सरची दाट शक्यता. तिथल्याच एका शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, पूर्ण ग्रंथी काढू, नंतर जन्मभर गोळी घ्यायची. मी विचारलं, धोका काय. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आवाजाची नस ग्रंथीच्या अगदी मागून जाते. सांभाळतात, बहुतेकांचं काही बिघडत नाही, पण कधी कधी आवाज बसतो, कुणाकुणाचा कायमचा.

गोळीचं मला काही वाटलं नाही. आवाजाचं वाटलं. माझ्याकडे शिक्षण नाही, बापाची इस्टेट नाही, नवऱ्याच्या घरचा आधार कधी नव्हता. जे उभं केलं ते या आवाजावर. मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाला दोरी ओढ म्हणून ओरडते ती मी, आणि पाहुण्यांच्या गर्दीत उरलेलं भाडं वसूल करते तीही मीच. ऑपरेशनची तारीख घेतली आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात गोदामात एकटी असले की मी मोठ्यानं बोलून पाहायची. गंजांच्या उतरंडीतून आवाज घुमून परत यायचा.

अकोल्याच्या त्या डॉक्टर बाईचा फोन आला तेव्हा मी एका मंगल कार्यालयाच्या आवारात मांडव उभारून घेत होते. माणसं बांबूंवर चढली होती.

"मी तुमच्या काचा पुन्हा पाहिल्या," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी मला एक गोष्ट विचारायची आहे. तिथं जुनं रक्त साकळलेलं दिसतंय आणि पेशी जखम भरताना दिसतात तशा दिसताहेत. हे गाठीत आपोआपही होऊ शकतं. म्हणूनच विचारते. माझ्या आधी तिथं कुणी सुई घातली होती?"

मी विचारलं, "हो म्हटलं तं काय बदलते, ते आधी सांगा."

"नाही. आधी उत्तर."

"डॉक्टरीनबाई, तुमी मले सांगा, मंग मी तुमाले सांगतो."

"ताई, हा बाजार नाही. तुमचा गळा उद्या कापला जाणार आहे माझ्या शब्दावर. मला खरं हवं."

वरून माणूस ओरडत होता, कापड सोडू का म्हणून. मी त्याला हातानं थांब म्हटलं. आयुष्यात इतक्या वेळा मी शेवटचा आकडा ओठांवर अडवून धरला आहे, पण तेव्हा अडवून धरायचं काय होतं, तेच मला उमगेना.

"होय," मी म्हटलं. "अमरावतीले. तुमच्या आधी पंधराएक दिवस."

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. म्हणाली, "मग माझा रिपोर्ट मी मागे घेते. डॉक्टरांना मी कळवते, ऑपरेशन थांबेल. सुईनं जखम होते, पेशी दुरुस्तीला लागतात, त्या वेळी त्या वेड्यावाकड्या दिसतात. कॅन्सरसारख्याही दिसतात. कॅन्सर नाही असं मी म्हणत नाही. मला ते यातून ओळखता येत नाही, एवढंच म्हणते. अमरावतीच्या काचा आणा. रिपोर्ट नको, काचा. त्या तुमच्या आहेत, मागितल्या तर द्याव्या लागतात."

घरी गेल्यावर नवऱ्याला समोर बसवलं. "अमरावतीच्या डॉक्टरनं काय सांगतलं होतं? खरं सांगा."

त्यानं आधी चष्मा पुसला. मग म्हणाला, "पक्कं नाई म्हने. शंका आहे. तीन महिन्यांनी परत सुई घालून पाहू म्हने."

"म्हंजे कॅन्सर नाई सांगतला?"

"कॅन्सर हा शब्द काढला त्यायनं. असू शकते म्हने. मंग दादा म्हने, तिले नको सांगू, ते धंदा सोडून बसन, हाय खाईन."

"आन् तुमाले पटलं?"

"दादा मोठा आहे."

"तीन महिने थांबा असं डॉक्टरनं सांगतलं, ते तरी मले सांगायचं होतं. मी दुसरी सुई घालून घेतली अकोल्याले. उद्या गळा कापून घेनार होती मी."

तो उभा राहिला. मग परत बसला. रात्री जेवण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. प्रयोगशाळेत जायच्या आधी मी गाडी भासऱ्यांच्या घरी थांबवायला लावली. ते ओसरीत पेपर वाचत होते. जावेनं मला पाहून चहा टाकला. नवऱ्यानं सगळं सांगितलं. ते ऐकून भासऱ्यांनी पेपरची घडी केली आणि त्याला म्हणाले, "तिले सांग, मी तिच्या भल्यासाठीच—"

"मी इथंच बसली आहे, भाऊजी," मी म्हटलं. "मले सांगा."

चहाचा ट्रे घेऊन आलेली जाऊ दारातच थांबली. मी डोक्यावरचा पदर काढला नव्हता, पण बोलले त्यांच्याच तोंडाकडे पाहून. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. मग माझ्याकडे पाहून, थेट माझ्याकडे पाहून, म्हणाले, "आमच्या आत्याले असंच तिच्या रोगाचं सांगतलं होतं. मीच सांगतलं. तिनं त्या दिवसापासून अन्न सोडलं. रोगानं नाई गेली ते, माझ्या सांगन्यानं गेली."

हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"मी तुमची आत्या नाई," मी म्हटलं. "मी आतापर्यंत एवढ्या लोकायच्या तोंडून 'नाई' ऐकलं आहे. एखादा रोगाचा शब्द मले मारत नाई. पन मले न सांगता ठेवलं, त्यानं मी मेली असती."

"तुमी विचारलं असतं तं," ते म्हणाले.

"कोनाले? भिंतीले?"

जावेनं ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप मला दिला. त्या घरात पहिला कप नेहमी त्यांना जायचा. मी चहा घेतला नाही. मला तेव्हा एवढं मोठ्या मनाचं होता आलं नाही, आजही येईल असं वाटत नाही.

काचा एका छोट्या पुठ्ठ्याच्या डबीत मिळाल्या. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्यापर्यंत मी ती डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून होते. खड्डा आला की नवरा गाडी अगदी हळू करायचा आणि माझ्या हातांकडे पाहायचा. मागची गाडी हॉर्न वाजवायची. तो कुणाशी भांडला नाही.

डॉक्टर बाईनं दोन्हीकडच्या काचा आळीपाळीनं पाहिल्या. मला खुर्ची दिली होती तरी मी उभीच होते. ती म्हणाली, "पहिल्या काचेत खरोखर शंका आहे, पण ठरत नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. माझ्या काचेत ती शंका आणि जखम मिसळून गेली आहे. आता थांबायचं. मान दाबायची नाही, चोळायची नाही, कुणाकडे सुई घालून घ्यायची नाही. तीन महिने."

"आन् असला तं तेवढ्यात पसरन ना?"

"या ग्रंथीतला हा प्रकार बहुतेक वेळा सावकाश चालतो. मी तुम्हाला तेवढं थांबा म्हणते, तेव्हा जबाबदारीनं म्हणते. गाठ भरभर वाढली, आवाज बदलला, गिळताना अडकलं, तर मात्र त्याच दिवशी यायचं."

"तीनाचे दोन महिने नाई होनार?"

"नाही होणार."

मी तिच्याशी वाद घातला नाही. एका बैठकीत सौदा मोडणारी किंवा जोडणारी मी बाई, मला थांबणं कधी जमलं नाही. ते दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. लग्नसराई होती एवढं बरं होतं. रोज आवाज तपासायची आणि पाण्याचा प्रत्येक घोट घेताना बोट गळ्यावर जायचं. नवऱ्याला मी दम दिला होता की माझ्याशी गोड वागलास तर घराबाहेर काढीन. त्यानं खरंच जनरेटरवरून पुन्हा भांडण काढलं. दोघांनाही त्यानं जरा बरं वाटलं.

तिसरी सुई अकोल्यातच झाली. काचा पाहायला तिनं आम्हाला बाहेर बसवलं. मग दार उघडून मला नावानं हाक मारली. नवरा उठला तर म्हणाली, "आधी त्या. त्यांनी बोलावलं तर तुम्ही."

आत तिनं मला बसायला लावलं आणि म्हणाली, "आता शंका नाही. कॅन्सर आहे. या वेळी पेशी स्वच्छ दिसल्या, जखमेचं काही मिसळलेलं नाही. गाठ लहान आहे, एकाच बाजूला आहे, मानेत इतर कुठं काही दिसत नाही."

मी विचारलं, "म्हंजे तेव्हा तुमी बरोबरच होत्या."

"तेव्हा माझा अंदाज बरोबर ठरला, एवढंच. अंदाजावर गळा कापायचा नसतो."

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांशी मात्र मी भांडले. पूर्ण ग्रंथी नाही, अर्धीच काढा म्हटलं. ते म्हणाले, "हा काय मांडव आहे का, अर्धा बांधा म्हणायला?" पण मग कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ लहान आहे म्हणून अर्धी काढून चालू शकतं. काढलेला भाग पूर्ण तपासला जाईल. त्यात जास्त काही निघालं तर उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा टेबलवर यावं लागेल. नसही एकाच बाजूची धोक्यात येईल. या अटी मान्य आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले नको विचारू. गळा तुहा आहे." मी हो म्हटलं.

ऑपरेशननंतर आवाज बसला. निव्वळ हवा निघत होती. हळूहळू परत येईल, नस शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणत होते. मी कागदावर लिहून नवऱ्याला शिव्या दिल्या.

काढलेल्या अर्ध्या भागाच्या तपासणीचा निकाल डॉक्टर बाईनं फोनवर मलाच सांगितला. कॅन्सर गाठीच्या आतच होता, कडा स्वच्छ होत्या, उरलेला अर्धा भाग काढायची गरज नाही. दर काही महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, बस. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न माझ्या फाटक्या आवाजात तिला दोनदा ऐकावा लागला.

त्याच दिवशी भासऱ्यांचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाइलवर. नवऱ्यानं "तिलेच विचार" म्हणून फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला. काहीही गाळलं नाही. कॅन्सर हा शब्द घेऊन सुरुवात केली, कडा, ग्रंथी, तपासण्या, सगळं सांगितलं. आवाज मध्येच तुटत होता, मी थांबून परत बोलत होते. पलीकडून त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "अजून एकदा सांगा. लिहून घेतो. बायकोले वाचून दाखवाले लागन."

मी परत सांगितलं, पहिल्यापासून, हळूहळू.